सापडली नाही म्हणजे नाही, असं नव्हे

जमिनीत पुरलेल्या टाकीची तपासणी करण्याची सर्वांत जुनी पद्धत म्हणजे काठी. खुणा केलेली लांब काठी टाकीत उभी सोडायची, ती कुठवर ओली झाली ते पाहायचं आणि आकडा वहीत लिहायचा. टँकरने किती ओतलं, पंपातून किती गेलं आणि काठी किती उरलं म्हणते, याचा महिन्याकाठी मेळ घालायचा. मेळ बसला की टाकी शाबूत. अमेरिकेच्या संघराज्य सरकारने १९८८ साली भूमिगत टाक्यांचे नियम केले, तेव्हा इंधनाच्या टाक्यांसाठी ही पद्धत मान्य केली आणि मेळ किती बसायला हवा तेही सांगून ठेवलं: महिन्यात टाकीतून जितका माल जातो त्याच्या १ टक्का, अधिक १३० गॅलन (सुमारे ४९० लिटर). एवढी तफावत चालेल.

हा हिशेब लिटरमध्ये मांडून पाहावा. महिन्याला ४ लाख लिटर इंधन विकलं जात असेल, तर जवळजवळ साडेचार हजार लिटरची तूट नियमाच्या आत बसते. ती तूट वाफ होऊन उडाली, मोजमापात हरवली की मातीत मुरली, हे वही सांगत नाही. या पद्धतीच्या जोडीला काही वर्षांनी टाकीच्या घट्टपणाची चाचणी करावी लागे आणि ही मुभाही ठरावीक मुदतीचीच होती, हे मान्य. पण दोन चाचण्यांच्या मधल्या काळात भूजलाच्या वतीने बोलणारं जे काही होतं, ते म्हणजे ही काठी आणि ही वही.

पुढे काठीची जागा टाकीत कायम बसवलेल्या संवेदकांनी घेतली. ही प्रगती खरी आहे. तरी या उपकरणांकडून नियम काय मागतो, ते बारकाईने वाचायला हवं. दर महिन्याच्या चाचणीत ताशी ०.२ गॅलन गळती पकडता आली पाहिजे, तीही १०० पैकी ९५ वेळा. ताशी ०.२ गॅलन म्हणजे पाऊण लिटर. दिवसाला १८ लिटर, महिन्याला ५४० लिटरच्या वर. याहून हळू गळणारी टाकी पकडण्याची हमी उपकरण देत नाही आणि नियम ती मागतही नाही. दिवसाला ५ लिटर गळणारी टाकी महिन्यामागून महिने ‘पास’ होऊ शकते आणि वर्षभरात १,८०० लिटर जमिनीत सोडू शकते. मालकाने नियम मोडलेला नसतो, तपासनीसाने हयगय केलेली नसते, कागद सगळे स्वच्छ असतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की ‘गळती सापडली नाही’ आणि ‘गळती नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि भूमिगत टाक्यांच्या नियमनातल्या बहुतेक चुका पहिलं वाक्य दुसऱ्याच्या जागी ठेवल्यामुळे झाल्या आहेत. जमिनीवरची टाकी गळली तर डाग दिसतो, वास येतो, कुणीतरी ओरडतं. पुरलेल्या टाकीच्या बाबतीत हे सगळे साक्षीदार आपण आपल्या हाताने गाडून टाकतो. म्हणून पुराव्याचा भारही उलटा असायला हवा. टाकी शाबूत आहे हे मालकाने सतत सिद्ध करत राहावं. ज्या दिवशी ते सिद्ध करता येणार नाही, त्या दिवशी ती गळते आहे असं धरून चालावं.

हे कुणाला अतिरेकी वाटेल, म्हणून आधी टाकीत काय असतं ते पाहू. पेट्रोल पाण्याहून हलकं. ते मातीतून झिरपत भूजलाच्या पातळीपर्यंत उतरतं आणि तिथे तरंगत पसरतं. त्यातलं बेंझीन हळूहळू पाण्यात विरघळतं. बेंझीन कर्करोगकारक आहे. पण मातीतले जिवाणू ऑक्सिजन मिळाला तर ते पचवू शकतात, ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब. ट्रायक्लोरोएथिलीनचं तसं नाही. धातूंचे सुटे भाग धुण्यासाठी, त्यांवरचं तेल-ग्रीस काढण्यासाठी हे सॉल्व्हेंट अनेक दशकं वापरलं गेलं. ते पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड. भूजलात पोचलं की तरंगत नाही, खाली बुडतं. चिकणमातीचा किंवा खडकाचा थर लागेपर्यंत उतरत जातं, भेगांमध्ये शिरून बसतं आणि तिथून वर्षानुवर्षं थोडं थोडं विरघळत राहतं. ऑक्सिजन नसलेल्या थरात जिवाणू त्याचं विघटन करतात खरे, पण ते अर्धवट राहिलं तर वाटेत व्हिनाइल क्लोराइड तयार होतं, आणि तेही कर्करोगकारकच.

अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात ट्रायक्लोरोएथिलीनची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. एक लिटर ट्रायक्लोरोएथिलीनचं वजन सुमारे १.४६ किलो. भागाकार केला तर उत्तर येतं २९ कोटी लिटर. म्हणजे एवढं पाणी त्या मर्यादेपर्यंत न्यायला एक लिटर पुरतं. प्रत्यक्षात ते इतकं एकसारखं मिसळत नाही, काही भाग मातीला चिकटतो, काही वाफ होतो. पण प्रमाण काय आहे ते यावरून कळावं. जे द्रव्य लिटरभर सांडलं तर कोट्यवधी लिटर पाण्याचा प्रश्न उभा राहतो, त्याच्यासाठी दिवसाला लिटरांत मोजलेली गळती ‘न सापडण्याजोगी’ म्हणून सोडून देता येत नाही. इंधनासाठी बेतलेली फुटपट्टी इथे लावणंच चूक आहे.

टाक्या पुरल्या गेल्या त्यामागे वाईट हेतू नव्हता. ज्वलनशील द्रव उघड्यावर ठेवलं तर आगीचा धोका. जमिनीखाली ते थंड राहतं, ठिणगीपासून दूर राहतं, जागाही वाचते. अग्निशमनाच्या दृष्टीने तो शहाणा निर्णय होता. फक्त तो निर्णय घेताना माती ही निष्क्रिय वस्तू आहे असं गृहीत धरलं गेलं. ओल, क्षार, हवेचं कमीजास्त प्रमाण यांमुळे मातीत पुरलेलं पोलाद सगळीकडे सारखं गंजत नाही. एखाद्या ठिपक्यावर गंज खोल उतरतो आणि बाकी पत्रा धडधाकट असताना तिथे सुईएवढं भोक पडतं. यावरचा उपायही जुना आहे. हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ साली जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्त किंवा लोखंड जोडून दाखवलं की जोडलेला धातू स्वतः झिजतो आणि तांबं वाचतं. तेच तत्त्व वापरून टाकीला मॅग्नेशियमचे किंवा जस्ताचे ठोकळे जोडता येतात. पण विसाव्या शतकाच्या मध्यात पुरल्या गेलेल्या टाक्यांपैकी फार मोठा वाटा उघड्या पोलादाचा होता, कसलंही संरक्षण नसलेला. उपाय ठाऊक असून केला नाही, कारण करायला कुणी भाग पाडलं नाही.

भाग पाडायची वेळ आली ती कॅलिफोर्नियात. १९८१च्या अखेरीस दक्षिण सॅन होजे इथल्या फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर कंपनीच्या कारखान्यात टाकाऊ सॉल्व्हेंटची भूमिगत टाकी गळत असल्याचं उघड झालं. चिप बनवण्याच्या उद्योगाची ख्याती धूर नसलेला, स्वच्छ उद्योग अशी होती. टाकीतलं द्रव्य जवळच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत पोचलेलं होतं आणि ती विहीर बंद करावी लागली. कारखान्याजवळच्या वसाहतीतल्या आयांनी गर्भपात आणि बाळांमधले जन्मजात दोष यांबद्दल प्रश्न विचारायला सुरुवात केली. १९८५ साली राज्याच्या आरोग्य खात्याच्या अभ्यासात तिथे या दोन्हींचं प्रमाण जास्त आढळलं. मात्र त्याचं कारण तेच पाणी होतं, हे निश्चित करता आलं नाही.

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहितो आहे. पाण्यात किती विष होतं, कधीपासून होतं, कोणत्या घरात किती गेलं, याची नोंदच नव्हती. टाकी नेमकी केव्हा गळू लागली हे कुणी पाहिलेलं नव्हतं. गळती वेळेवर न सापडण्याचं नुकसान फक्त प्रदूषणाचं नसतं. नंतर सत्य शोधण्याचा मार्गही त्यातच बुजतो. ज्या आईला उत्तर हवं होतं, तिला ‘सिद्ध होत नाही’ एवढंच ऐकावं लागलं.

त्या घटनेनंतर सांता क्लारा काउंटीने घातक द्रव्यांच्या साठवणुकीचा नमुना-कायदा तयार केला, कॅलिफोर्निया राज्याने १९८३ मध्ये कायदा केला आणि १९८४ मध्ये संघराज्य सरकारने. तोवर देशात सुमारे २० लाख भूमिगत टाक्या असल्याचा अंदाज होता. तेव्हापासून आजपर्यंत तिथे साडेपाच लाखांहून अधिक गळत्यांची अधिकृत नोंद झाली आहे. त्यांतल्या बहुसंख्य जागा साफ झाल्या, ही त्या कायद्याची मोठी कमाई. पण एवढ्या गळत्या कायदा होण्याआधी कुणाच्या हिशेबात नव्हत्या, हेही त्याच आकड्याने सांगितलं.

त्या कायद्यातली एक गोष्ट मला सर्वांत योग्य वाटते आणि एक सर्वांत खटकते. दोन्ही घातक रसायनांच्या टाक्यांबद्दलच आहेत.

योग्य गोष्ट दुहेरी भिंतीची. १९८८च्या नियमांनी घातक रसायनांच्या नव्या टाक्यांना सुरुवातीपासूनच दुहेरी आवरण सक्तीचं केलं, आणि जुन्या टाक्यांना २२ डिसेंबर १९९८ पर्यंत मुदत दिली. टाकीच्या आत टाकी, पाइपाच्या भोवती पाइप. दोन भिंतींच्या मधली पोकळी दर ३० दिवसांनी तरी तपासायची. या रचनेने प्रश्नच बदलतो. एकेरी टाकीत आपण हजारो लिटरमधून किती कमी झालं ते शोधत असतो. तिथे तापमान बदललं तरी द्रव फुगतो-आकसतो आणि हिशेब डळमळतो. दुहेरी टाकीत जिथे काहीच नसायला हवं तिथे काही आलं का, एवढंच पाहायचं असतं. कोरड्या पोकळीत ओल दिसली की आतली किंवा बाहेरची भिंत गेली. द्रव अजून मातीत गेलेलं नसतं. पोकळीत दाब किंवा निर्वात स्थिती ठेवली तर एक थेंबही बाहेर पडण्याआधी भोक पडल्याचं कळतं. ‘गळती नाही’ हे वाक्य पूर्ण जबाबदारीने उच्चारता येईल असा हा एकच मार्ग मला दिसतो. इंधनाच्या टाक्यांना मात्र हे आवरण देशभर सक्तीचं व्हायला पुढे बरीच वर्षं जावी लागली; २००५च्या कायद्याने ती वाट उघडली.

जर्मनीच्या जलकायद्यात याच विचाराचं एक तत्त्व आहे. पाण्याला घातक असलेली द्रव्यं अशा रीतीने ठेवली पाहिजेत की पाणी बिघडेल अशी काळजी करण्याचं कारणच उरू नये. हानी झाली की नाही, हा प्रश्न तिथे नंतरचा. भूमिगत टाक्यांची तपासणी तिथे स्वतंत्र तज्ज्ञाकडून दर पाच वर्षांनी होते आणि जलसंरक्षित क्षेत्रात दर अडीच वर्षांनी. पाण्याचा स्रोत जवळ असेल तर तपासणी दुप्पट वेळा, हे साधं शहाणपण सगळीकडच्या नियमांत असायला हवं होतं.

आता खटकणारी गोष्ट. अमेरिकेत इंधनाच्या टाकीच्या मालकाला आधीच दाखवून द्यावं लागतं की टाकी गळली तर सफाईचा आणि नुकसानभरपाईचा खर्च तो पेलू शकेल. विक्रेत्यांसाठी ही रक्कम एका घटनेला १० लाख डॉलर आहे. शिवाय इंधनावर गॅलनमागे एका सेंटचा दहावा भाग कर बसवून १९८६ पासून एक निधी उभा केलेला आहे. घातक रसायनांच्या टाकीच्या मालकावर हे आर्थिक हमीचं बंधन घातलेलंच नाही, आणि तो निधीही पेट्रोलियमपुरताच. ज्या द्रव्यासाठी दुहेरी भिंत हवी इतकं ते धोक्याचं मानलं, त्याच द्रव्यासाठी पैशाची हमी मात्र मागितली नाही. यामागे कायद्यांच्या वाटणीचा इतिहास आहे, रसायनांच्या सफाईसाठी वेगळा कायदा आधीपासून होता. पण त्या वेगळ्या कायद्याखाली प्रक्रिया लांबते, जबाबदार कोण यावर वाद चालतात, तोवर कंपनी विकली गेलेली किंवा बुडालेली असते. घाण मात्र तिथेच असते. पैसा आधी बाजूला काढून ठेवलेला नसेल तर ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावं’ हे तत्त्व कागदावरच राहतं, आणि शेवटी भरतं ते ज्याची विहीर गेली ते गाव.

हे किती लांबू शकतं याचं उदाहरण नॉर्थ कॅरोलायनातला कॅम्प लेज्यून हा सैनिकी तळ. तिथल्या एका पाणीपुरवठ्यात ट्रायक्लोरोएथिलीन आणि बेंझीन मिसळलं होतं. त्याच्या उगमांमध्ये गळक्या भूमिगत टाक्या होत्या, शिवाय सांडलेली आणि पुरलेली रसायनं होती. १९८२ मध्ये तिथल्या एका नमुन्यात ट्रायक्लोरोएथिलीनचं प्रमाण लिटरला १,४०० मायक्रोग्रॅम निघालं, आजच्या मर्यादेच्या २८० पट. दूषित विहिरी बंद झाल्या १९८४-८५ मध्ये. १९५३ ते १९८७ या काळात ते पाणी वापरलेल्या लोकांना सरकारवर दावा लावण्याचा मार्ग कायद्याने मोकळा केला तो २०२२ साली. १९५३ साली जे लहान मूल होतं ते आज म्हातारं आहे, आणि अनेक जण हा दिवस पाहायला उरले नाहीत.

सवलतींबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. प्रत्येक नियमाला अपवाद असतात आणि त्यांतले काही समंजसही असतात. अमेरिकेच्या कायद्यात शेतावरच्या आणि घरगुती लहान इंधन-टाक्या वगळल्या आहेत, जागेवरच वापरायच्या हीटिंग ऑइलच्या टाक्या वगळल्या आहेत. टाकी आणि तिचे पाइप मिळून निदान १० टक्के आकारमान जमिनीखाली असेल तरच ती ‘भूमिगत’. कारभार चालवायचा तर कुठेतरी रेघ ओढावी लागते, हे मला कळतं. माझा आक्षेप त्या अपवादांना आहे जे ‘हे फार वेगळं आहे, नंतर पाहू’ म्हणून बाजूला ठेवले गेले. १९८८ साली असे बरेच प्रकार पुढे ढकलले. आणीबाणीच्या जनरेटरच्या टाक्यांना गळती शोधण्याच्या अटी लागू झाल्या नाहीत. जागेवरच बांधलेल्या प्रचंड टाक्यांना बहुतेक नियमांमधून सूट मिळाली. हे ‘नंतर’ उगवलं २०१५ साली, म्हणजे २७ वर्षांनी.

जागेवर बांधलेल्या अशा टाक्यांमध्ये हवाईतल्या ओआहू बेटावरच्या रेड हिलच्या टाक्या होत्या. नौदलाने १९४० ते १९४३ या काळात डोंगराच्या पोटात २० टाक्या बांधल्या. प्रत्येक टाकी सुमारे २५० फूट उंच, प्रत्येकीत १२५ लाख गॅलन इंधन मावेल एवढी, म्हणजे पावणेपाच कोटी लिटर. त्यांच्या तळाखाली जेमतेम १०० फुटांवर तो जलधर खडक, ज्यातून बेटाच्या मोठ्या लोकवस्तीला पिण्याचं पाणी मिळतं. जानेवारी २०१४ मध्ये एका टाकीतून सुमारे २७,००० गॅलन इंधन गळलं. तेव्हा करार झाले, अभ्यास झाले, सुधारणांच्या मुदती ठरल्या. मे २०२१ मध्ये इंधन हलवताना पाइप फुटला. सुरुवातीला सांगितलेला आकडा १,६०० गॅलनच्या आसपास होता. प्रत्यक्षात सुमारे २०,००० गॅलन बाहेर आलं होतं, आणि त्यातलं बरंचसं अग्निशमन यंत्रणेच्या निचऱ्याच्या पाइपात जाऊन बसलं होतं. नोव्हेंबरमध्ये तो पाइप तुटला, इंधन नौदलाच्या विहिरीपर्यंत गेलं. त्या पाणीपुरवठ्यावर सुमारे ९३,००० लोक अवलंबून होते. नळाच्या पाण्याला इंधनाचा वास येतो असं लोकच सांगू लागले. मार्च २०२२ मध्ये संरक्षण मंत्र्यांनी हा साठाच कायमचा बंद करण्याचा आदेश दिला.

मे ते नोव्हेंबर. सहा महिने हजारो गॅलन इंधन हिशेबातून बेपत्ता होतं आणि त्या तफावतीचा शेवटपर्यंत पाठलाग झाला नाही. सुरुवातीला सांगितलेल्या काठी आणि वहीच्या गोष्टीहून ही गोष्ट फार वेगळी नाही. उपकरणं अधिक चांगली होती, वही अधिक जाड होती. पण मेळ बसत नाही म्हणजे गळती आहे, असं मानण्याची सक्ती कुणावर नव्हती.

म्हणून मला वाटतं, कायद्याने तफावतीला मुदत द्यावी. हिशेब जुळला नाही, पोकळीतला संवेदक वाजला किंवा बंद पडला, तर ठरावीक तासांत कारण दाखवा. नाही दाखवता आलं तर टाकी रिकामी करा. संवेदक बंद पडला असेल तरीही हाच नियम, कारण न पाहणारा पहारेकरी आणि नसलेला पहारेकरी यांत पाण्याच्या दृष्टीने फरक नाही. आज अनेक ठिकाणी उलटं घडतं. टाकीवरच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचतं, संवेदक पुन्हा पुन्हा वाजतो, कामात अडथळा येतो, आणि मग कुणीतरी तो संवेदक तळापासून थोडा वर बांधून ठेवतं. वाजणं थांबतं. हे करणारा माणूस दुष्ट नसतो. त्याला कुणी नीट शिकवलेलं नसतं, आणि खोट्या इशाऱ्यांचा खर्च त्याच्याच माथी मारलेला असतो.

अमेरिकेच्या जनरल अकाउंटिंग ऑफिस या लेखापरीक्षण संस्थेने २००१ साली याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं. सुमारे ८९ टक्के टाक्यांना आवश्यक उपकरणं बसवून झाली होती. पण २९ टक्के टाक्या नीट चालवल्या किंवा राखल्या जात नव्हत्या. दहा वर्षांची मुदत, मोठा खर्च, नवी यंत्रं, आणि तरी जवळजवळ तीनांत एक टाकी कागदावरच सुरक्षित. त्यानंतरच्या २००५च्या कायद्याने तीन गोष्टी आणल्या: दर तीन वर्षांनी प्रत्यक्ष तपासणी, टाकी चालवणाऱ्यांना प्रशिक्षण, आणि नियमात न बसणाऱ्या टाकीत माल ओतायला बंदी. यातली तिसरी मला सर्वांत परिणामकारक वाटते. दंड न्यायालयात अडकतो, नोटीस फायलीत पडते. टाकीच्या तोंडावर लाल खूण लागली आणि टँकरवाल्याने माल ओतायला नकार दिला की प्रश्न त्याच आठवड्यात सुटतो. पुरवठादारालाही जबाबदार धरल्यामुळे पहारा देणारे डोळे आपोआप वाढतात. तपासनीस तीन वर्षांतून एकदा येतो, टँकर सारखा येतो.

या सगळ्याला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणं मला बरं वाटत नाही. दुहेरी टाकी महाग असते. ती बसवायला खोदकाम, बंद काळातलं नुकसान, नवे पाइप. मोठी कंपनी हे पेलते. एक-दोन टाक्यांवर पोट असलेला माणूस मोडतो. अमेरिकेत जुन्या टाक्या सुधारण्याची १९९८ची मुदत जवळ आली तेव्हा अनेक लहान व्यावसायिकांनी टाक्या बंद करणंच पसंत केलं. त्यांच्या तक्रारीत तथ्य होतं. पण त्याचं उत्तर गळतीची मुभा हे असू शकत नाही. लहान मालकाला स्वस्त कर्ज द्या, सामायिक निधीतून टाकी बदलायला मदत करा, एकेरी टाकी स्वतःहून काढणाऱ्याला सवलत द्या. त्याच्या अडचणीची किंमत समाजाने सगळ्यांनी मिळून उचलावी. शेजारच्या विहिरीने ती एकटीने उचलावी, हा न्याय नाही. आणि घातक रसायनांच्या बाबतीत तर आणखी एक प्रश्न आधी विचारायला हवा: हे द्रव्य पुरण्याची खरंच गरज आहे का? अनेक सॉल्व्हेंट लहान पिंपांत, जमिनीवर, डोळ्यांसमोरच्या पक्क्या हौदात ठेवता येतात. आगीपासून संरक्षणाची साधनं आता पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगली आहेत. ज्या कारणासाठी टाकी जमिनीखाली गेली, ते कारण आज उरलं आहे का हे परवाना देताना तपासलं जावं, आणि उरलं नसेल तर परवानाच देऊ नये.

दुसरा आक्षेप वैज्ञानिक आहे: बरीच प्रदूषकं निसर्ग स्वतःच पचवतो, मग इतकी घाई कशाला? बेंझीनच्या बाबतीत यात अर्थ आहे, तेही वेळ आणि अंतर पुरेसं असेल तर. पण पेट्रोलमध्ये पुढे एमटीबीई हे द्रव्य मिसळलं जाऊ लागलं. हेतू हवा स्वच्छ करण्याचा होता. हे द्रव्य पाण्यात सहज विरघळतं, मातीला फारसं चिकटत नाही आणि सावकाश विघटित होतं. १९९६ पर्यंत सांता मोनिका शहराला यामुळे आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या आणि पाण्याचा सुमारे निम्मा स्रोत गमवावा लागला. टाक्या त्याच होत्या, आतला पदार्थ बदलला होता. कमी गंधकाचं डिझेल आल्यावरही असाच धडा मिळाला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डिझेलच्या ४२ टाक्या तपासल्या होत्या, त्यांतल्या ३५ टाक्यांच्या आतल्या धातूच्या भागांवर मध्यम किंवा तीव्र गंज आढळला, आणि बहुतेक मालकांना त्याची कल्पनाही नव्हती. टाकी तीस वर्षांसाठी पुरली जाते. तीस वर्षांनी तिच्यात काय असेल ते पुरताना कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून निसर्ग पचवेल या भरवशावर नियम बेतता येत नाही, आणि आतला पदार्थ बदलताना नवा परवाना घ्यावा लागणं ही जुलूमशाही ठरत नाही.

राहिल्या त्या टाक्या, ज्यांचा कुणी मालकच उरलेला नाही. टाकी काढताना खालच्या मातीचे नमुने घेतले जातात आणि कित्येक गळत्या तेव्हाच पहिल्यांदा उघड होतात. टाकी आयुष्यभर सगळ्या चाचण्यांत पास झालेली असते. पण ज्या काढल्याच गेल्या नाहीत त्यांचं काय? १९८४च्या कायद्याने मालकांना टाक्यांची नोंद करायला सांगितलं, आणि वापरातून बाद झालेल्या टाक्यांसाठी १ जानेवारी १९७४ ही तारीख धरली. त्याआधी बंद पडलेली टाकी जमिनीत तशीच असली तरी नोंदवण्याची गरज नव्हती. त्यामुळे सर्वांत जुन्या, सर्वांत गंजलेल्या टाक्या यादीतच आल्या नाहीत. त्या आता सापडतात जमिनीला हादरे देत उत्खननयंत्र चालतं तेव्हा, किंवा कुणी जुने आगविम्याचे नकाशे चाळून त्यांवरची टाकीची बारीक खूण ओळखतं तेव्हा.

ही यादी कुठल्याही देशात अजूनही करता येईल. त्यासाठी नव्या यंत्रांची गरज नाही. जुने परवाने, कारखान्यांचे आराखडे, आगविम्याचे नकाशे एकत्र आणायचे आणि प्रत्येक टाकीची जागा जमिनीच्या कागदपत्रांत कायमची चढवायची, म्हणजे ती जमीन विकत घेणाऱ्याला आणि तिथे विहीर खोदणाऱ्याला ती दिसेल. आणि त्याहूनही आधी, त्या टाक्या ज्यांनी भरल्या, ज्यांनी त्यांत काठी सोडली, ज्यांना आत काय होतं ते आठवतं, त्या माणसांकडे जाऊन विचारायचं. ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत.